दोन पॉइंटमधले २५ सेकंद

"सरावात तो काय खेळतो, ते तुम्ही बघायला हवं होतं." चौदा किंवा सोळा वर्षांखालच्या मुलामुलींच्या कुठल्याही टेनिस स्पर्धेला जा, पहिल्या फेरीच्या दिवशी दुपारपर्यंत हे वाक्य प्रेक्षकांच्या खुर्च्यांवरून दोनतीनदा तरी कानावर पडतंच. बोलणारे पालक खोटं बोलत नसतात. मुलगा सरावात खरोखरच छान खेळत असतो. कोचच्या बास्केटमधून एकामागून एक येणारे बॉल तो खाडखाड मारतो, सर्व्हिस कोपऱ्यात पडते, फोरहँडचा आवाज ऐकून शेजारच्या कोर्टवरचे वळून बघतात. आणि सामन्यात ५-३ असा पुढे असताना त्याचाच हात आखडतो, दुसरी सर्व्हिस जाळीत जाते आणि समोरचा नुसते उंच उंच बॉल परतवणारा पोरगा ७-५ असा सेट घेऊन जातो.

मग निदान होतं, 'मेंटली कमी पडतो'. ते ऐकून मूल घरी जातं आणि आपल्यात जन्मापासूनच काहीतरी उणं आहे अशी समजूत करून घेतं. मला हे निदानच मान्य नाही. मनाचा खंबीरपणा बॅकहँडसारखाच शिकावा लागतो आणि शिकवताही येतो. बॅकहँडसाठी आपण तासाचे पैसे मोजतो आणि हा भाग मात्र 'अनुभवाने येईल' म्हणून सोडून देतो. अनुभवाने बऱ्याचदा फक्त हरण्याची सवय येते.

कच सगळेच खातात

१९९३ ची विंबल्डनची महिला एकेरीची अंतिम लढत. स्टेफी ग्राफविरुद्ध याना नोवोत्ना तिसऱ्या सेटमध्ये ४-१ अशी पुढे, सर्व्हिस तिचीच, गुण ४०-३०. एक पॉइंट मिळाला की ५-१. तिने डबल फॉल्ट केला. तो गेम गेला, पाठोपाठ आणखी चार गेले आणि ग्राफ ६-४ ने जिंकली. बक्षीस समारंभात डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडणारी नोवोत्ना जगाने पाहिली आणि तिच्यावर शिक्का बसला. हीच नोवोत्ना १९९७ मध्ये पुन्हा अंतिम फेरीत आली, पहिला सेट जिंकूनही मार्टिना हिंगीसकडून हरली. १९९८ मध्ये तिसऱ्यांदा आली तेव्हा नाताली तोझियाला हरवून विजेती झाली. खेळाडू तीच होती. १९९३ मध्ये जे जमलं नाही ते पाच वर्षांनी जमलं, म्हणजे मधल्या काळात काहीतरी शिकणं झालंच असणार.

दडपण आलं की शरीरात काय होतं, हे प्रत्येक खेळाडूला बारा-तेराव्या वर्षीच समजावून सांगायला हवं. छाती धडधडते, श्वास वरच्यावर चालतो, खांदे कानांकडे सरकतात, रॅकेटची मूठ घट्ट आवळली जाते. मूठ आवळली की मनगट मोकळं फिरत नाही, रॅकेटचा वेग मंदावतो आणि बॉल एकतर जाळीत जातो नाहीतर अर्ध्या कोर्टात पडतो. पाय जमिनीला चिकटतात, म्हणून बॉल शरीराच्या फार जवळ किंवा फार लांब मिळतो. 'हात आखडला' असं आपण म्हणतो ते अक्षरशः खरं असतं. याचा एक फायदा आहे. 'शांत हो', 'टेन्शन घेऊ नको' या सूचना पाळायच्या कशा हे कोणालाच माहीत नसतं, पण मूठ सैल करणं, श्वास लांब सोडणं आणि पाय हलवणं कोणालाही जमतं. मनाला हुकूम सोडता येत नाही, शरीराला सोडता येतो. मन जरा मागाहून येतं.

आणखी एक गणित मुलांना सांगण्यासारखं आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात रॉजर फेडररने स्वतःचेच आकडे सांगितले होते. एकेरीचे १,५२६ सामने, त्यांतले जवळपास ८० टक्के जिंकलेले, आणि एकूण पॉइंटमधले जिंकलेले फक्त ५४ टक्के. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकाने आयुष्यभर जवळजवळ दर दुसरा पॉइंट गमावला. टेनिसची गुणपद्धतच अशी आहे की थोडासा वरचष्मा वर जाता जाता मोठा होत जातो. प्रत्येक पॉइंट जिंकण्याची शक्यता ५४ टक्के धरली तर गेम जिंकण्याची शक्यता सुमारे ६० टक्के होते, सेटची आणखी जास्त. याची उलटी बाजूही आहे. २०१९ च्या विंबल्डन अंतिम सामन्यात फेडररने जोकोविचपेक्षा जास्त पॉइंट जिंकले, २१८ विरुद्ध २०४. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५ असताना त्याच्या हातात दोन चॅम्पियनशिप पॉइंट होते. तरी तो हरला. जोकोविचने त्या सामन्यातले तिन्ही टायब्रेक घेतले. प्रेक्षक 'रॉजर, रॉजर' ओरडत होते तेव्हा आपण मनाशी 'नोव्हाक' असं ऐकत होतो, असं जोकोविचने नंतर सांगितलं. ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण मनाशी काय बोलायचं हे या माणसाने आधी ठरवून ठेवलं होतं, आणि तेच महत्त्वाचं आहे.

ज्या खेळात पॉइंट गमावणं हा रोजचाच व्यवहार आहे, त्यात पॉइंट गमावल्यानंतर काय करायचं याची पक्की रीत हवी. ती नसली की मागच्या पॉइंटचा राग घेऊन पुढचा खेळला जातो आणि एका चुकीच्या तीन होतात.

रीत बसवायची कशी

नियमाप्रमाणे एक पॉइंट संपल्यापासून पुढची सर्व्हिस होईपर्यंत २५ सेकंद मिळतात. बाजू बदलताना ९० सेकंद, सेट संपल्यावर १२०. सामन्याचा बराचसा वेळ बॉल खेळात नसतोच. अमेरिकन क्रीडामानसशास्त्रज्ञ जिम लोअर यांनी अव्वल खेळाडू आणि इतर यांच्यातला फरक शोधताना याच मोकळ्या वेळाकडे लक्ष दिलं आणि त्याचे चार टप्पे मांडले. आज जगभरातले कोच या ना त्या रूपात तेच शिकवतात. आपल्या मुलांसाठी ते मी असे सांगेन.

पॉइंट संपला की जाळीकडे पाठ. रॅकेट दुसऱ्या हातात, म्हणजे खेळणारा हात सुटा होतो. मान वर, चाल नेहमीची. पॉइंट कसाही गेला असला तरी चाल तीच. चूक तांत्रिक असेल तर त्या फटक्याची एकदा हवेत बरोबर नक्कल करायची आणि विषय मिटवायचा. बाहेर बसलेल्या आईबाबांकडे बघायचं नाही. हा नियम मुलांइतकाच आईबाबांनाही जड जातो.

दुसरा टप्पा श्वासाचा. नजर रॅकेटच्या तारांवर किंवा पायाखालच्या कोर्टवर ठेवायची. शेजारच्या कोर्टवर कोण जिंकतंय, खुर्चीवर कोण येऊन बसलं, हे डोळ्यांना दिसलं की डोक्यात शिरतं. नाकाने श्वास घ्यायचा आणि घेतला त्यापेक्षा लांब सोडायचा. एकदोनदा पुरतं. टॉवेल मागच्या कुंपणाला अडकवायला परवानगी असेल तर जरूर अडकवा. घाम नसला तरी तिथवर चालत जाण्याचे काही सेकंद मिळतात.

मग निर्णय. गुणसंख्या मोठ्याने म्हणायची आणि एकच गोष्ट ठरवायची. सर्व्हिस असेल तर कुठे टाकणार आणि परत आलेला पहिला बॉल कुठे मारणार. परतीचा फटका असेल तर 'खोल, मधोमध' इतकंही चालतं. दोन पर्याय डोक्यात ठेवून उभं राहिलेलं मूल टॉस हवेत असताना विचार बदलतं. डबल फॉल्टांचा मोठा हिस्सा तिथे जन्मतो.

शेवटी ठरलेली हालचाल. सर्व्हिसच्या आधी बॉल ठरावीक वेळा टप्पा घेईल, तीन तर तीनच, ४०-० असो की ३०-४०. समोरच्याची सर्व्हिस असेल तर पाय नाचते, नजर त्याच्या हातातल्या बॉलवर. बस्स, इथून पुढे विचार बंद.

वाचायला हे सोपं वाटतं, आणि म्हणूनच कोणी त्याचा सराव करत नाही. आपल्याकडच्या बहुतेक कोर्टांवर एका तासात मुलं शेकडो बॉल मारतात, दोन बॉलमध्ये दोन-तीन सेकंदांचं अंतर असतं. सामन्यात तसं कधीच होत नाही. हातांना दमवणारा सराव हवाच, पण आठवड्यातली निदान दोन सत्रं अशी हवीत की रीत पूर्ण झाल्याशिवाय पुढचा बॉल सुरूच होणार नाही. कोचने गुणांऐवजी रीतीची नोंद ठेवावी. गेम संपला की किती पॉइंटनंतर चारही टप्पे झाले ते सांगावं. पहिल्या महिन्यात मुलं वैतागतात. त्यांना ते नाटकी वाटतं. वाटू द्या.

एक युक्ती मला फार उपयोगाची वाटते. मोबाइल कुंपणाला लावून एक सेट चित्रित करा आणि नंतर मुलासोबत बघताना फक्त पॉइंटच्या मधला भाग बघा, फटके सगळे पुढे ढकला. पॉइंट कोणी जिंकला हे नुसत्या चालण्यावरून ओळखता येतं का ते मुलालाच विचारा. ओळखता आलं, तर समोरच्यालाही ते येतंय.

इथे एक सावधगिरी. राफेल नदालच्या पाण्याच्या बाटल्या, रेघेवर पाय न देणं, सर्व्हिसपूर्वीची ती नाक-कान-केसांची कवायत मुलं हुबेहूब उचलतात. नदालला त्यातून डोक्यात शिस्त लागत होती, तुमच्या मुलाला लागेलच असं नाही. उपयोगाची रीत पूर्णपणे आपल्या ताब्यातली असते. 'निळे मोजे असले की जिंकतो' ही श्रद्धा मोजे धुवायला गेले की संपते.

९० सेकंदांच्या विश्रांतीत आधी बसा, पाणी प्या, टॉवेल तोंडावर घ्या. मग एकच प्रश्न, मागच्या दोन गेममधले पॉइंट नेमके कशाने गेले? उत्तर 'माझ्या चुकांनी' असेल तर पुढे विचारा, कोणत्या बाजूच्या? किटमध्ये दोन-तीन ओळींचं कार्ड ठेवायला हरकत नाही. २०१५ मध्ये रॉटरडॅमच्या स्पर्धेत अँडी मरेच्या अशाच टिपणांचा फोटो कोणीतरी काढला. ग्रँड स्लॅम जिंकलेला माणूस स्वतःसाठी काय लिहितो याची सगळ्यांना उत्सुकता होती, आणि निघाल्या त्या अगदी साध्या सूचना. स्वतःशी बरं वागायची आठवणसुद्धा त्यात होती.

अवघड पॉइंटला फटका कोणता

धीर हा पुष्कळदा चांगल्या निवडीतून येतो, याकडे दुर्लक्ष होतं. ३०-४० ला मुलगा रेषेवरून सरळ जाणारा फोरहँड मारायला जातो, तो दोन इंच बाहेर पडतो आणि आपण म्हणतो, 'घाबरला'. कधीकधी घाबरलेला नसतो, फक्त हिशेब चुकलेला असतो. जाळी मध्यभागी ३ फूट उंच असते आणि खांबांपाशी साडेतीन. एकेरीचं कोर्ट ७८ फूट लांब, २७ फूट रुंद. म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं मारलं तर लांबी साडेचार फुटांनी वाढते. तिरका फटका जाळीच्या सर्वांत खालच्या भागावरून जातो आणि त्याला पडायला जागाही जास्त असते. दडपणाच्या पॉइंटला तिरकं, उंच आणि खोल, हा नियम बारा वर्षांच्या मुलालाही पाठ करता येतो. बॉल स्वतःहून आखूड आला की मग सरळ मारा. रेषेपासून यार्डभर आतलं लक्ष्य ठेवून पूर्ण ताकदीने मारणं हे रेषेचं लक्ष्य ठेवून भीतभीत मारण्यापेक्षा केव्हाही बरं.

दुसऱ्या सर्व्हिसचंही तसंच. घाबरलेलं मूल ती हळू टाकायला जातं. रॅकेटचा वेग कमी केला की फिरकी कमी होते, फिरकी कमी झाली की बॉल वळून खाली येत नाही. दुसरी सर्व्हिस सुरक्षित होते ती रॅकेट जोरात फिरवून आणि बॉलवर वरच्या दिशेने घासून. सरावात म्हणून एक डाव असा लावावा की दोघांनाही एकच सर्व्हिस मिळेल. सुरुवातीला पॉइंटमागून पॉइंट फुकट जातात. महिनाभराने सामन्यात दुसऱ्या सर्व्हिसला उभं राहताना पाय लटपटायचे कमी होतात, कारण तो प्रसंग शंभरदा येऊन गेलेला असतो.

सेट ५-४ किंवा ५-३ असा हातातोंडाशी आला की दोन प्रकारची मुलं दिसतात. काही सांभाळून खेळू लागतात, काही लवकर संपवायला जातात. दोघंही त्या क्षणापर्यंत जे काम देत होतं तेच सोडून देतात. इथे सूचना एवढीच, तुम्हाला ५-३ वर आणणारा खेळ पुढे चालू ठेवा, आणि वेग वाढतोय असं वाटलं तर पूर्ण २५ सेकंद घ्या.

लॉबवाला आणि 'आउट'वाला

महाराष्ट्रातल्या ज्युनिअर स्पर्धांमध्ये मुलांचं मन मोडणारे दोन प्रतिस्पर्धी सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. पहिला प्रत्येक बॉल उंच परतवतो, चूक करत नाही आणि तुम्ही चुकायची वाट बघतो. मुलं त्याला 'पुशर' म्हणतात, त्यात तुच्छता असते, आणि त्या तुच्छतेतच निम्मा सामना जातो. 'हा काय टेनिस खेळतोय' असं मनात आलं की मूल त्याला धडा शिकवायला निघतं आणि चौथ्या बॉलला कुंपणावर मारतं. त्याच्याविरुद्ध वीस फटक्यांची रॅली खेळायला कंटाळा न येणं हीच पात्रता. त्याला आखूड बॉल टाकून जाळीजवळ आणा, उंच बॉल खाली पडायच्या आत हवेतच घ्या. हे सगळं आधी सरावात केलेलं हवं. आणि हरलात, तर तो त्या दिवशी तुमच्यापेक्षा चांगलं टेनिस खेळला, असं मान्य करा.

दुसऱ्याचा, म्हणजे 'आउट'वाल्याचा, प्रश्न जास्त कडू आहे. सुरुवातीच्या फेऱ्यांत प्रत्येक कोर्टवर पंच नसतो. खेळाडू आपापल्या बाजूचे बॉल स्वतः सांगतात आणि फिरते पंच अनेक कोर्टांवर लक्ष ठेवतात. रेषेवरचा बॉल 'आउट' दिला गेला की मुलाच्या डोक्यात राख जाते, बाहेर पालक उभे राहतात, आणि पुढचे तीन गेम कोणी खेळतच नाही. आधी नियम शिका. शंका असेल तर बॉल आत धरायचा, 'आउट' ताबडतोब आणि मोठ्याने सांगायचं, सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक पॉइंटआधी गुण म्हणायचे. मातीच्या कोर्टवर ठसा दाखवायला सांगता येतं. पटलं नाही तर आवाज न चढवता एकदा विचारा, 'नक्की?' दुसऱ्यांदा तसंच झालं तर पंचांना बोलवा. पंच बोलावणं भांडण नव्हे, तो तुमचा हक्क आहे. पंच कोर्टजवळ थांबले की बहुतेक वाद आपोआप कमी होतात. आणि बॉल रेषेवर पडला होता हे तुम्हाला पक्कं माहीत असताना 'आउट' देऊन जिंकलेला गेम मोजू नका. फसवून मिळालेल्या पॉइंटवर पुढच्या फेरीत भरवसा ठेवता येत नाही, हे मुलांना आपल्यापेक्षा आधी कळतं.

राग ही तेवढीच जुनी गोष्ट. बर्फासारखा थंड म्हणून ओळखला गेलेला ब्यॉन बोर्ग लहानपणी कोर्टवर इतका थयथयाट करायचा की त्याच्यावर काही महिने बंदी आली होती. फेडररही पोरवयात रॅकेट आपटायचा. नदालचे काका आणि कोच टोनी यांनी मात्र पुतण्याला सुरुवातीलाच बजावलं होतं, रॅकेट आपटलीस तर मी शिकवणं बंद करीन. शिक्षेची पायरी स्पर्धेत ठरलेली असते, आधी ताकीद, मग पॉइंट, मग गेम. घरी आणि सरावात ती याहून कडक असली तरी चालेल.

आत्मविश्वास कुठून आणायचा

'तू जिंकणारच आहेस' या वाक्याने मिळणारं अवसान उसनं असतं. ०-३ झालं की परत द्यावं लागतं. टिकतो तो पुराव्यावरचा विश्वास. म्हणून प्रत्येक खेळाडूकडे एक वही असावी. सामना झाल्यावर, त्याच दिवशी नको, दुसऱ्या दिवशी तिच्यात तीन गोष्टी लिहायच्या. दडपणाचा कोणता पॉइंट नीट हाताळला, समोरच्याने मला कशाने त्रास दिला, पुढच्या आठवड्यात कशावर काम करणार. गुणसंख्या कोपऱ्यात बारीक अक्षरात. सहा महिन्यांनी ती वही चाळली की मुलाला दिसतं, आपण तिसऱ्या सेटमध्ये कितीदा परतलो आहोत. स्पर्धेच्या आदल्या रात्री कुठल्याही भाषणापेक्षा तिचा उपयोग होतो.

दुसरी गोष्ट, सरावाचा जोडीदार. पालकांचा हट्ट असतो की मुलाने नेहमी आपल्यापेक्षा वरच्याशीच खेळावं. त्याने फटके सुधारतात हे खरं. पण असं मूल वर्षभर हरतच असतं, आणि स्पर्धेत मानांकित म्हणून खालच्या खेळाडूसमोर उभं राहिलं की जिंकणं ज्याच्याकडून अपेक्षित आहे त्याचं ओझं काय असतं हे त्याला माहीतच नसतं. सरावाचे सेट तिन्ही प्रकारचे हवेत, वरच्याशी, बरोबरीच्याशी आणि खालच्याशी. सेट ४-५, ३०-३० पासून सुरू करा. हरणारा बॉल गोळा करील असं ठरवा. किरकोळ वाटणाऱ्या या पैजेनेही हात थोडा आखडतो, आणि तेच आपल्याला हवं असतं.

स्वतःशी बोलण्याची भाषा तपासा. 'काय गाढवासारखं मारलंस' हा शेरा आहे, त्यातून पुढच्या फटक्याला काही मिळत नाही. 'खांदा आधी वळव' ही सूचना आहे. दुहेरीत जोडीदाराची सर्व्हिस चुकली तर आपण त्याला जे म्हणू, तेच स्वतःला म्हणावं.

दुहेरी खेळाच, हेही त्यातच सांगून टाकतो. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं तेव्हा चायनीज तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट त्यांनी २-६ गमावला होता. पुढे ६-३ आणि निर्णायक टायब्रेक १०-४. पहिला सेट असा गेल्यावर सामना संपल्यासारखा वाटतो, आणि तरी तो उघडा असतो. लिअँडर पेसचं १९९६ चं अटलांटातलं कांस्यही पहिला सेट ३-६ गमावूनच आलेलं आहे. नदाल २०२२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात मेदवेदेवविरुद्ध दोन सेट मागे होता, तिसऱ्यात २-३, ०-४० होता, आणि पाचव्या सेटमध्ये ७-५ ने जिंकला. ही उदाहरणं मुलांना गोष्ट म्हणून सांगू नका, तो ०-४० चा गेम त्यांच्याबरोबर बसून बघा. त्यात चमत्कार काही नाही, एका वेळी एक पॉइंट आहे.

झोप, वेळेवर जेवण, सामन्याआधी घाम येईपर्यंत वॉर्मअप, ताटकळताना मोबाइलऐवजी सावली, या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. त्या पाळा, म्हणजे थकव्याला भीती समजण्याची चूक होणार नाही.

पालकहो, थोडं तुमच्याशी

टेनिस महाग आहे. कोर्टचं भाडं, कोच, तारा, बूट, प्रवास, हॉटेल, शाळेच्या बुडालेल्या तासिका. हे सगळं मूल बघत असतं. 'आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो' हे वाक्य तुम्ही एकदाही म्हणाला नसलात तरी ब्रेक पॉइंटला ते त्याच्या कानात वाजतं. म्हणून पैशाचा विषय सामन्याच्या दिवशी काढूच नका. कुंपणाजवळ उभं राहून प्रत्येक पॉइंटला चेहरा पाडू नका. जमत नसेल तर लांब जाऊन बसा. सामना संपल्यावर पहिलं बोलणं खाण्यापिण्याचं असावं. विश्लेषण कोचचं काम आहे, आणि तेही दुसऱ्या दिवशी. घरी जाताना गाडीत झालेल्या पोस्टमॉर्टेमने जितकी मुलं टेनिसपासून दुरावली असतील तितकी कुठल्याही प्रतिस्पर्ध्याने दुरावली नसतील, असं माझं मत आहे.

खंबीरपणाच्या नावाखाली सहन करत राहायचं, असा या सगळ्याचा अर्थ घेऊ नका. सामन्याआधी दर वेळी उलटी होणं, झोप उडणं, पूर्वी आवडणाऱ्या सरावाचीच धास्ती वाटणं, खाणं सुटणं, ही चिन्हं आठवडेच्या आठवडे टिकली तर समुपदेशकाकडे किंवा क्रीडामानसशास्त्रज्ञाकडे जा. इगा श्वियाँतेकसोबत दारिया अब्रामोविच ही मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं दौऱ्यांवर फिरली, त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. नाओमी ओसाका २०२१ मध्ये मनःस्वास्थ्याचं कारण सांगून फ्रेंच ओपनमधून बाहेर पडली. अ‍ॅश बार्टीने तर २०१४ मध्ये, अठराव्या वर्षी टेनिसच थांबवलं, ब्रिस्बेनच्या संघाकडून क्रिकेट खेळली आणि २०१६ मध्ये परतली. २०१९ ला फ्रेंच ओपन, २०२१ ला विंबल्डन आणि २०२२ ला ऑस्ट्रेलियन ओपन तिने त्यानंतर जिंकली. तेव्हा तुमच्या मुलीने 'मला तीन महिने टेनिस नको' म्हटलं, तर रँकिंगचा तक्ता मिटून ठेवा आणि तिला ते तीन महिने द्या.